पोस्टग्रेस १८ : प्रश्न वाचकांचे

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेस प्रणालीची अठरावी मुख्य आवृत्ती २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे, नेहमीप्रमाणे, दिलेली नाहीत.

प्रश्न : नव्या आवृत्तीत वाचनाचा वेग तिप्पट झाला, असे सगळीकडे वाचले. आमच्या महाविद्यालयातील प्रकल्पावर ती बसवून पाहिली, तर काहीच फरक दिसला नाही. आमचे काही चुकले का? (संगणकशास्त्राचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : चुकले काहीच नाही. अधिकृत घोषणेतले शब्द ‘तिपटीपर्यंत’ असे आहेत आणि बातमीच्या मथळ्यात ‘पर्यंत’ नेहमीच गळून पडते.

बदल नेमका कोठे झाला आहे ते पाहू. पोस्टग्रेस आपला डेटा आठ किलोबाइटच्या पानांत ठेवते. आतापर्यंत एखादे पान स्मृतीत नसले, की प्रक्रिया ते डिस्ककडे मागत असे आणि ते येईपर्यंत थांबून राहत असे. पुढे काय लागणार याचा अंदाज बांधण्याचे काम बरेचसे ऑपरेटिंग सिस्टीमवर सोडलेले होते. ग्रंथालयाच्या खिडकीशी एक चिठ्ठी द्यायची, पुस्तक हाती येईपर्यंत ताटकळायचे आणि मग दुसरी चिठ्ठी लिहायची, असा तो प्रकार होता. अठराव्या आवृत्तीत अनेक चिठ्ठ्या एकदम देता येतात, आणि पुस्तके येत असताना आलेली चाळण्याचे काम चालू राहते. यालाच असिंक्रोनस आय/ओ म्हणतात. ‘आयओ_मेथड’ या सेटिंगला तीन पर्याय आहेत : जुन्या पद्धतीसारखा ‘सिंक’, वाचनासाठी वेगळ्या प्रक्रिया ठेवणारा ‘वर्कर’, आणि फक्त लिनक्सवर मिळणारा ‘आयओ_यूरिंग’. आपण काहीही न बदलल्यास ‘वर्कर’ चालू असतो व अशा तीन प्रक्रिया कामाला असतात. हे सेटिंग बदलल्यास सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

आता आपला प्रकल्प. त्याचा सगळा डेटा बहुधा काहीशे मेगाबाइटचा असेल आणि एकदा वाचल्यावर तो स्मृतीतच राहत असेल. जेथे डिस्ककडे जावेच लागत नाही तेथे डिस्कची वाट पाहण्याचा वेळ वाचणार तरी कसा? हा लाभ मिळतो तो मोठे तक्ते संपूर्ण वाचताना, लागणारी पाने आधी हेरून मग ती वाचणाऱ्या बिटमॅप स्कॅनमध्ये आणि निरुपयोगी झालेल्या ओळी साफ करणाऱ्या व्हॅक्यूमच्या कामात. त्यातही जेथे डिस्क नेटवर्कपलीकडे असते, म्हणजे क्लाउडवर, तेथे अधिक. शिवाय हा सारा बदल वाचनापुरता आहे. लेखन पूर्वीच्याच पद्धतीने होते.

या कामामागे अनेक वर्षांचे श्रम आहेत आणि त्यांत अँड्रेस फ्रॉइंड यांचा वाटा मोठा आहे. मार्च २०२४ मध्ये दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढता काढता ‘एक्सझेड’ या फायली संकुचित करणाऱ्या साधनात दडवलेले चोरदार ज्यांना सापडले, तेच हे गृहस्थ. अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणाऱ्या माणसाने डिस्कची वाट पाहण्याचा प्रश्न हाती घ्यावा, यात नवल नाही.

आपल्याला फरक पाहायचाच असेल, तर आणखी एक गोष्ट करून पाहा. ‘शाखा, वर्ष, हजेरी क्रमांक’ अशा तीन रकान्यांवर एक इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) करा आणि शाखा न सांगता फक्त वर्ष व हजेरी क्रमांक देऊन शोध घ्या. पहिला रकाना गाळला, की पूर्वी असा इंडेक्स बहुतेक वेळा निरुपयोगी ठरत असे. आता पहिल्या रकान्यात वेगवेगळी मूल्ये थोडी असतील, तर पोस्टग्रेस एकेका शाखेच्या भागात उडी मारत त्याच इंडेक्समधून उत्तर काढते. तक्त्यात काही लाख ओळी मात्र हव्यात. शंभर ओळींवर कोणतीच युक्ती दिसत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सहा शाखा असून गेली चार वर्षे सर्व काम पोस्टग्रेस १३ वर चालते. सर्व्हरवर सेंटओएस ७ आहे आणि डेटा सुमारे ४० गिगाबाइट आहे. ‘चालते आहे ते कशाला बदलायचे’, असे संचालक मंडळाचे मत आहे. थेट १८ वर जावे का? जायचे झाल्यास कसे? (पतसंस्थेच्या संगणक विभागातील कर्मचारी, सांगली जिल्हा)

उत्तर : संचालक मंडळाला प्रथम दोन तारखा सांगा. सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या. पोस्टग्रेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. त्यानुसार १३ ची शेवटची दुरुस्ती १३ नोव्हेंबर २०२५ रोजी आली. म्हणजे ठेवीदारांचे पैसे ज्या दोन थरांवर उभे आहेत, त्या दोन्ही थरांत उद्या एखादे भोक सापडले तर ते बुजवणारे कोणी नाही. ‘चालते आहे’ हे खरे आहे, पण त्याचा अर्थ एवढाच.

थेट १८ वर जावे. मधल्या आवृत्त्यांवर थांबत जाण्याची गरज नाही आणि १८ ची मुदत नोव्हेंबर २०३० पर्यंत आहे. फक्त १८.० न घेता, त्या दिवशी उपलब्ध असलेली १८ ची सर्वांत अलीकडची दुरुस्त आवृत्ती घ्यावी. पहिली, १८.१, १३ नोव्हेंबर २०२५ लाच आली होती. बिंदूनंतरचा आकडा बदलतो तेव्हा डेटा हलवावा लागत नाही, नवा प्रोग्राम बसवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की झाले. बिंदूपूर्वीचा आकडा बदलतो तेव्हाच खरे स्थलांतर असते.

स्थलांतराचे दोन मार्ग आहेत आणि आपल्या बाबतीत त्यांतला कमी चर्चेत असलेला मार्ग योग्य आहे, असे मला वाटते. चर्चा होते ती ‘पीजी_अपग्रेड’ या साधनाची. ते डेटाच्या फायली तशाच उचलून नव्या आवृत्तीखाली ठेवते, त्यामुळे काही टेराबाइटचा डेटाबेसही थोड्या वेळात हलतो. त्याची जुनी अडचण अशी होती, की डेटा येत असे, पण त्या डेटाविषयीची आकडेवारी येत नसे. कोणत्या रकान्यात किती वेगळी मूल्ये आहेत, कोणते मूल्य वारंवार येते, यावरून पोस्टग्रेस क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, मार्ग ठरवते. ही माहिती नसली, की सोमवारी सकाळी काउंटर उघडताच एरवी क्षणात येणारा खातेउतारा मिनिटभर घेऊ लागतो आणि नव्या आवृत्तीला बोल लागतो. अठराव्या आवृत्तीपासून ही आकडेवारी बहुतांशी सोबत येते. अनेक रकान्यांच्या परस्परसंबंधाची, मुद्दाम तयार केलेली आकडेवारी मात्र अजून येत नाही व ती नव्याने काढावी लागते. वेगाच्या बातम्यांपेक्षा हीच सुधारणा मला अधिक मोलाची वाटते, कारण लोक जुन्या आवृत्तीला चिकटून बसतात ते स्थलांतराच्या दुसऱ्या दिवसाच्या भीतीने.

तरीही आपण तो मार्ग घेऊ नये, याचे कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात आहे. शब्दांचा क्रम ठरवण्याचे काम पोस्टग्रेस बहुतेक ठिकाणी जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीवर सोपवते. सेंटओएस ७ मध्ये तिची २.१७ ही आवृत्ती आहे, आणि २०१८ मध्ये आलेल्या २.२८ पासून क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. खातेदारांच्या नावांवरचा आपला इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आहे. त्याच्या फायली नव्या यंत्रावर जशाच्या तशा नेल्या, तर नवी प्रणाली नव्या क्रमाने शोधेल आणि असलेले नाव ‘सापडत नाही’ असे सांगेल. त्याहून वाईट म्हणजे जेथे दुबार नोंद अडवायला हवी तेथे ती अडवणार नाही. कोणतीही चूक पडद्यावर न दिसता हे घडते.

म्हणून ४० गिगाबाइटसाठी सरळ डेटा बाहेर काढणारे ‘पीजी_डंप’ व तो पुन्हा भरणारे ‘पीजी_रिस्टोअर’ वापरा. नव्या यंत्रावर १८ बसवा आणि तेथलाच, म्हणजे १८ चा, ‘पीजी_डंप’ जुन्या सर्व्हरला जोडून डेटा काढा. वापरकर्ते व त्यांचे अधिकार ‘पीजी_डंपऑल’ने वेगळे न्यावे लागतात, हे विसरल्यामुळे रात्री अकराला धावपळ झालेली मी पाहिली आहे. रिस्टोअर करताना सर्व इंडेक्स नव्या क्रमाने नव्याने बांधले जातात, त्यामुळे वरचा धोका उरत नाही. शेवटी ‘ॲनालाइझ’ चालवून आकडेवारी काढून घ्या.

या मार्गाचा आणखी एक लाभ आहे. १८ मध्ये नवा डेटाबेस उभारताना चेकसम आपोआप चालू असतात. प्रत्येक पानावर त्याच्या मजकुरावरून काढलेली एक खूणसंख्या लिहिली जाते आणि वाचताना ती पडताळली जाते. डिस्कने गुपचूप एखादा बाइट बदलला असेल, तर पोस्टग्रेस ते पान न स्वीकारता चूक दाखवते. बिघडलेले पान चेकसम दुरुस्त करत नाहीत, पण बिघाड महिनोन्महिने बॅकअपमध्ये उतरत राहण्याऐवजी पहिल्याच वाचनात कळतो. ज्यांना ‘पीजी_अपग्रेड’च वापरायचे आहे त्यांनी येथे सावध राहावे : जुन्या डेटाबेसमध्ये चेकसम नसतील आणि नव्यात असतील, तर ते साधन पुढे जाण्यास नकार देते. दोन्हीकडे सारखी स्थिती करून घ्यावी लागते; शक्यतो जुना डेटाबेस बंद असताना ‘पीजी_चेकसम्स’ने त्यात चेकसम चालू करून.

पासवर्डचेही पाहा. १३ मध्ये पासवर्ड मुळात एमडी५ पद्धतीने साठवले जात. १४ पासून एससीआरएएम ही अधिक सुरक्षित पद्धत मूळ झाली. १८ मध्ये एमडी५ चालते, पण नवा एमडी५ पासवर्ड ठेवू गेल्यास इशारा येतो आणि ही पद्धत पुढे काढून टाकली जाणार असल्याचे जाहीर झाले आहे. जुन्या पद्धतीतून नवीत रूपांतर होत नाही. प्रत्येक वापरकर्त्याचा पासवर्ड पुन्हा ठेवावा लागतो. त्याआधी आपल्या सॉफ्टवेअरमधील डेटाबेसला जोडणारा ड्रायव्हर एससीआरएएम जाणतो का, हे पुरवठादाराला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मार्च महिना टाळा. आधी एकदा संपूर्ण रंगीत तालीम करा, तीत लागलेला वेळ लिहून ठेवा आणि मगच सुटीचा दिवस ठरवा. शेवटची कसोटी संगणकाची नसून हिशेबाची असावी : जुन्या व नव्या सर्व्हरवरून प्रत्येक शाखेचे तेरीज पत्रक काढा आणि ते पैशापैशाने जुळले तरच सोमवारी नव्यावर काउंटर उघडा. जुना सर्व्हर इंटरनेटपासून तोडून, पण पुसून न टाकता, लेखापरीक्षण होईपर्यंत ठेवावा.

प्रश्न : हा डेटाबेस फुकट आहे असे म्हणतात. मग मालक कोण? उद्या त्याने पैसे मागितले तर? (शिक्षिका, मडगाव)

उत्तर : मालक कोणी एक नाही. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तेथील दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलण्याची भाषा दिली, आणि १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल हे नाव आले. तेव्हापासून जगभरातील प्रोग्रामर तो मिळून वाढवतात. त्यांपैकी अनेकांना निरनिराळ्या कंपन्या त्याच कामाचा पगार देतात आणि अशा कंपन्यांपैकी एंटरप्राइझडीबीचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. परवाना इतका मोकळा आहे, की वापरणे, बदलणे, विकणे या सर्वांस मुभा आहे आणि एकदा दिलेली प्रत परत मागता येत नाही. पैसे द्यावे लागतात ते सेवेचे : क्लाउडवरील जागेचे, देखभालीचे, सल्ल्याचे.

प्रश्न : आम्ही मंगल कार्यालयांसाठी नोंदणीचे सॉफ्टवेअर तयार करतो. मागील लग्नसराईत एकाच सभागृहाची एकाच मुहूर्तावर दोन घरांना नोंदणी झाली आणि आम्हाला दोन्ही पक्षांसमोर उभे राहावे लागले. प्रोग्राममध्ये ‘सभागृह रिकामे आहे का’ ही तपासणी असूनही हे कसे घडले? १८ मध्ये यावर काही उपाय आहे असे ऐकतो. (सॉफ्टवेअर व्यावसायिक, सातारा)

उत्तर : तपासणी आणि नोंद ही दोन वेगळी पावले आहेत, आणि आपला घात त्या दोहोंमधल्या क्षणात झाला. एका काउंटरवरच्या कारकुनाने विचारले, रिकामे आहे. त्याची नोंद पक्की होण्याआधीच दुसऱ्याने विचारले, त्यालाही रिकामेच दिसले. दोघांचे प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर होते. नियम प्रोग्राममध्ये असला, की तो त्या क्षणी दिसणाऱ्या माहितीपुरताच पाळला जातो. डेटाबेसमध्ये असला, तर दुसरी नोंद पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबते आणि मग नाकारली जाते.

१८ मध्ये प्राथमिक किंवा युनिक की (प्रत्येक ओळीची पुन्हा न येणारी ओळख) ठरवताना शेवटच्या रकान्यापुढे ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ असे लिहिता येते. आपल्या तक्त्यात सभागृहाचा क्रमांक आणि कालावधी असे दोन रकाने ठेवा. कालावधी हा ‘पासून’ व ‘पर्यंत’ अशा दोन वेगळ्या तारखांत न ठेवता दोन्ही टोके एकत्र धरणाऱ्या रेंज प्रकारात ठेवा. मग एकाच सभागृहाचे दोन कालावधी एकमेकांवर येऊच शकत नाहीत. क्रमांक साधा पूर्णांक असल्यामुळे ‘बीट्री_जिस्ट’ हे एक्स्टेन्शन आधी बसवावे लागते. रेंजचे वरचे टोक उघडे (शेवटचा क्षण न धरणारे) ठेवा, म्हणजे दुपारी दोनला संपणारे आणि दोनलाच सुरू होणारे कार्य यांची टक्कर मानली जाणार नाही; मांडव उतरवून झाडलोट करायला जो तास लागतो तो मात्र कालावधीतच धरा, कारण डेटाबेसला झाडू दिसत नाही.

हे सर्वस्वी नवे आहे असे समजू नका. एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटने, म्हणजे टक्कर होणाऱ्या नोंदी नाकारणाऱ्या नियमाने, हेच काम २०१० च्या ९.० आवृत्तीपासून, आणि रेंज प्रकार आल्यावर २०१२ च्या ९.२ पासून अधिक सोयीने, करता येत होते. नवी आहे ती सुटसुटीत मांडणी, आणि तिच्यावर आधारलेली कालावधीची फॉरेन की, म्हणजे एका तक्त्यातील नोंद दुसऱ्यातील नोंदीशी बांधणारा नियम : जेवणावळीची नोंद सभागृहाच्या नोंदीच्या काळातच बसली पाहिजे, असे आता सांगता येते. तिच्यात मूळ नोंद काढल्यावर अवलंबून असलेल्या नोंदी आपोआप काढण्याची सोय मात्र अजून नाही.

आपल्या व्यवसायात एक अडचण हमखास येईल. रद्द झालेल्या नोंदी त्याच तक्त्यात ठेवल्या, तर रद्द झालेली तारीखही अडलेलीच राहील, कारण ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ला अट जोडता येत नाही. रद्द नोंदी वेगळ्या तक्त्यात हलवा. ते नको असल्यास जुना एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटच वापरा, त्याला ‘रद्द नसलेल्या नोंदींपुरता’ अशी अट लावता येते. नियम लावण्यापूर्वी जुन्या डेटातील टकरी शोधून काढाव्या लागतील, कारण एक जरी असली तरी नियम बसणार नाही. माझा अंदाज आहे, की ती एकच निघणार नाही.

प्रश्न : आमच्या तक्त्यांत प्राथमिक की म्हणून यादृच्छिक यूयूआयडी (आपोआप तयार होणारे लांब ओळखक्रमांक) आहेत. १८ मधील नवा प्रकार घेण्यासाठी सगळ्या जुन्या की बदलाव्या लागतील का? (प्रोग्रामर, न्यू जर्सी)

उत्तर : नाही. जुन्या चौथ्या प्रकारच्या आणि नव्या सातव्या प्रकारच्या यूयूआयडीचा रकाना एकच आहे; नव्या ओळींसाठी मूळ मूल्य ‘यूयूआयडीव्ही७’ हे फंक्शन करा आणि जुन्या ओळी आहेत तशा राहू द्या. सातव्या प्रकारात पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ सांगतात, त्यामुळे नव्या ओळी इंडेक्सच्या एका टोकाला ओळीने लागतात, साऱ्या इंडेक्सभर विखुरत नाहीत. त्याची किंमत अशी, की की पाहणाऱ्याला नोंद कधी झाली ते कळते. रुग्णाचा किंवा तक्रारदाराचा क्रमांक वेब पत्त्यात दिसत असेल, तर तेथे जुनाच प्रकार ठेवावा.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या सूचीत ‘ळ’ने सुरू होणाऱ्या नोंदी ‘ल’च्या लगेच नंतर येतात, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ भलतीकडेच येतात आणि ‘ॲप’ शोधले तर निम्मी पुस्तके सापडत नाहीत. नव्या आवृत्तीत हे सुधारले आहे का? (ग्रंथपाल, रत्नागिरी)

उत्तर : ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि पहिल्या दोहोंवरचा उपाय जुन्या आवृत्तीतही आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच नाही. ती क आणि ज यांपासून सुरू होणारी जोडाक्षरे म्हणून क व ज यांच्यात मिसळतात. पोस्टग्रेस आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या लायब्ररीसह बसवलेले असेल, तर तिच्यातील मराठीचा क्रम ‘ऑर्डर बाय’मध्ये कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) म्हणून मागता येतो आणि ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ हा क्रम मिळतो. १८ मध्ये ‘पीजी_युनिकोड_फास्ट’ नावाचे नवे कोलेशन आले आहे. ते वेगवान आहे, परंतु अक्षरे युनिकोडच्या क्रमानेच लावते. सूचीसाठी त्याच्या नावाला भुलू नका.

शोधाविषयी नव्या आवृत्तीत एक सूचना आहे. डेटाबेसचे मूळ कोलेशन जीलिबसीऐवजी आयसीयूचे असेल आणि आपण ‘पीजी_अपग्रेड’ने १८ वर आलात, तर मजकूरशोधाचे व ‘पीजी_टीआरजीएम’ या मिळतेजुळते शब्द शोधणाऱ्या एक्स्टेन्शनचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात, कारण मजकूरशोध आता त्याच कोलेशनचे नियम पाळतो. शब्दांची मूळ रूपे ओळखण्याची सोय हिंदी, नेपाळी आणि तमिळला आहे, १८ मध्ये एस्टोनियनला मिळाली, मराठीला अजून नाही. ‘पुस्तकाच्या’ शोधल्यावर ‘पुस्तक’ सापडत नाही ते त्यामुळे. मराठी भाषकांपैकी संगणकतज्ज्ञांची संख्या पाहता हे काम आपल्यापैकीच कोणी करायला हवे होते.

तिसरे दुखणे टंकलेखनाचे आहे. ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही, म्हणून पोस्टग्रेसचे ‘नॉर्मलाइझ’ फंक्शनही त्यांना एक करत नाही. ‘ऱ’चे तसे नाही; त्याची सुटी आणि जोडलेली रूपे ते फंक्शन एकरूप करते. ‘ॲ’साठी नोंद साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळी, अ व अर्धचंद्राच्या जोडीच्या जागी एकच चिन्ह घालणारा बदल आपल्या पुरवठादाराकडून करून घ्या, आणि जुन्या नोंदींवर तो एकदा चालवा. त्याआधी बॅकअप घ्यावा.